आधी सुई, मग बाकीचं

टाचणीबाई हे नाव मुलींनी ठेवलं होतं, आणि बाईंना ते माहीत नाही अशी मुलींची समजूत होती. बाईंचे कान तिखट होते. नाव त्यांच्या कानावर पहिल्याच वर्षी आलं आणि त्यांना ते आवडलंही, पण तसं दाखवलं तर मुली दुसरं एखादं वाईट शोधून काढतील म्हणून त्या गप्प राहिल्या. शाळेत त्या शिवण शिकवायच्या. एप्रनच्या कॉलरला डाव्या बाजूला सुया आणि टाचण्या ओळीनं टोचलेल्या, आणि कापड बेतताना आणखी तीन-चार टाचण्या ओठांत धरलेल्या. त्यामुळे रागावल्या तरी ओठांच्या एका कोपऱ्यातून रागवायच्या आणि त्यांचा धाक असा कुणाला वाटायचाच नाही. त्यांचा नवरा बसचा ड्रायव्हर, मोठा थट्टेखोर माणूस. आमच्या हिला जवळ घ्यायचं तर आधी जाड कोट घालावा लागतो, असं तो चारचौघांत सांगायचा आणि बाई त्याच्याकडे डोळे वटारून पाहायच्या.

पुढे बस बंद पडल्या. नदीपलीकडून गोळे यायला लागले. भांडण कुणी सुरू केलं ते विचारू नका, ज्याला विचाराल तो पलीकडे बोट दाखवेल. गोळ्यांना वेळकाळ नव्हता. दोन दिवस काही नाही, मग सकाळी भाजी चिरता चिरता भोंगा. भोंगा झाला की तळघरात जायचं, एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. हे इतकं लांबलं की लोकांना त्याची सवय झाली, आणि सवय झाली याचीच नंतर नंतर लाज वाटेनाशी झाली.

शाळेचे वरचे मजले बंद केले. बाईंची शिवणाची खोली मात्र अर्धी जमिनीखाली होती. खिडक्या छताला लागून, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. एरवी या खोलीला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. ओल यायची, दिवा दिवसभर लावावा लागायचा. आता ती सगळ्या शाळेत सर्वांत सुरक्षित ठरली. त्यामुळे मदतसंस्थेच्या मॅडम मोठ्या मुलामुलींसाठी गटोपचार सुरू करायचा म्हणून आल्या, तेव्हा त्यांना हीच खोली दिली गेली, आणि खोलीबरोबर बाई आल्या. बाईंना निवडलं ते एवढ्याच कारणानं. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण झालं, मॅडम पुढच्या गावाला गेल्या, आणि गटोपचार हा शब्द कुणाच्या तोंडी बसेना म्हणून मुलांनी त्याला बोलायचा तास म्हणायला सुरुवात केली.

मशीन भिंतीला सरकवायची, खुर्च्या गोल मांडायच्या आणि बसायचं. मुलं पाच-सहाच. एक होता खांब. उंचीनं दारात मावायचा नाही, आणि भोंग्यानंतर हाताला लागेल ते फोडायचा. एक कुलूप. ती पोरगी बोलत असे पण एके दिवशी थांबली ती थांबलीच. एक रेडिओ. तो थांबतच नसे. आणि ससुली. ससुलीबद्दल सांगायचंच आहे.

मॅडमनी शिकवलेली रीत अशी होती: डोळे मिटायचे, सावकाश श्वास घ्यायचा, आणि जिथे आपल्याला सुरक्षित वाटतं अशी एखादी जागा मनात आणायची. पहिल्याच तासाला बाईंनी मुलांना डोळे मिटायला सांगितलं.

"बाई, डोळे मिटले की जास्त ऐकू येतं," रेडिओ म्हणाला.

बाई म्हणाल्या, बरं, उघडे ठेव, पण जागा मनात आण. तर रेडिओनं विचारलं की त्या जागेला बस जाते का, जात असेल तर तुमच्या मिस्टरांना सांगा, आम्ही सगळेच येतो. मुलं हसली. बाईही हसल्या आणि मनातून हबकल्या. कारण पोरगा खरं बोलत होता. मॅडमची रीत ज्यांचं संकट होऊन गेलंय त्यांच्यासाठी होती. इथे संकट नदीच्या पलीकडे बसून जेवत होतं आणि जेवण झालं की पुन्हा सुरू करणार होतं.

ससुली चौदाची होती. दार आपटलं की ती पळायची. भांडं पडलं, कुणी शिंकलं, ट्रकनं धूर सोडला की ससुली उठून चालती. वर्गातून पळायची, ताटावरून पळायची, रस्त्यात असली तर जे दार उघडं दिसेल त्यात शिरायची. एकदा ती शाळेच्या जिन्याखालच्या केरसुण्यांच्या फडताळात सापडली होती. तिची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला, बाप नव्हता. आई हातापाया पडून सांगायची की बाई, एवढं पोरीचं पळणं तरी थांबवा, मी कामावर असते आणि ही कुठे असेल या विचारानं माझ्या जिवाचं पाणी होतं.

एका तासाला कात्रीचा पत्र्याचा ट्रे खाली पडला. ससुली दारापर्यंत पोचलीसुद्धा, पण बाई तिथेच उभ्या होत्या, त्यांनी तिला दंडाला धरलं. पोरगी धडधडत होती. श्वास घे म्हटलं तर श्वास अडकत होता. बाई अखेर वैतागल्या. त्यांनी कॉलरची एक सुई काढली, दोऱ्याचा तुकडा तोडला आणि दोन्ही तिच्या हातात कोंबून म्हणाल्या, "हे आधी ओव, मग जायचं तिथे जा."

तिचा हात थरथरत होता. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला. तिनं तो ओठात घेऊन ओला केला, पिळला, डोळे बारीक केले. ज्यानं कधी सुई ओवली आहे त्याला माहीत असेल, त्या वेळी माणूस श्वास धरतो आणि मग हळूच सोडतो, कुणी न शिकवता. दोरा आरपार गेला तेव्हा ससुलीनं मान वर केली, खोलीत पाहिलं, आणि येऊन आपल्या खुर्चीवर बसली. कुठे जायचं होतं ते ती विसरली होती.

बाईंना तेव्हा स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी प्रत्येकाला एक सुई दिली, एक लहान रीळ दिलं. सुई कॉलरला टोचून ठेवायची, रीळ खिशात. आवाज झाला की आधी सुई, मग बाकीचं. मुलांनी हे वाक्य इतकं उचललं की शाळाभर ते चेष्टेत म्हटलं जाऊ लागलं. परीक्षेचा पेपर हातात पडला, आधी सुई. हेडमास्तर रागावले, आधी सुई. पण चेष्टा चेष्टेच्या जागी, गुण मात्र आला. खांबानं फोडाफोडी बंद केली. एवढ्या राक्षसी बोटांनी तो सर्वांत बारीक सुई ओवायचा. कुलूप एका दुपारी म्हणाली, "माझा दोरा संपला," आणि बाईंना बाहेर जाऊन डोळे पुसून यावं लागलं. मॅडम पाहायला आल्या, थक्क झाल्या, आणि पुढच्या गावांत सुयांची रीत सांगत गेल्या. बाईंना गर्व झाला. का होऊ नये? जन्मभर काज-बटण शिकवलं आणि आता पोरांची मनं सांधायला आपली सुई कामी येते म्हटल्यावर कुणाची मान ताठ होणार नाही?

सर्वांत जास्त गुण ससुलीला आला. तिचं पळणं थांबलं. तिची आई इस्पितळातल्या जुन्या चादरी धुऊन, इस्त्री करून, मुलींना शिवायला म्हणून गठ्ठा बांधून घेऊन आली. पोर आता ताटावरून उठत नाही, म्हणाली. आवाज झाला की कॉलरला हात घालते आणि बसते शांत. एवढं बोलून ती चादरींच्या घड्या उगाच पुन्हा सरळ करत बसली. तिला आणखी काही द्यायचं होतं आणि तिच्याकडे काही नव्हतं.

मग एका दुपारी भोंगा झाला तेव्हा ससुली घरी एकटी होती. चौथ्या मजल्यावर. गोळा त्यांच्याच इमारतीवर पडला आणि जिन्याची अर्धी बाजू घेऊन खाली आला. ती जिन्यात मेलेली सापडली. बाईंना हे नवऱ्यानं सांगितलं. तो पाण्याच्या रांगेत उभा होता, तिथे त्याला कळलं, आणि रिकामा कॅन घेऊन तो तसाच घरी आला. त्या दिवशी त्याला थट्टा सुचली नाही. बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. ती जिन्यात का असावी, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. भोंगा झाल्यावर तळघरात पोचायला वेळ मिळतो. आणि ससुलीएवढं चपळ तर गावात कुणी नव्हतं.

पुढच्या तासाला मुलं आली.  ससुलीची खुर्ची नेहमीच्या जागी मांडलेली होती, ती कुणी मांडली ते बाईंनी विचारलं नाही. खांब आला नाही. तो त्याच इमारतीत राहायचा, एक मजला वर.

तो आला तो मधल्याच एका दिवशी, तास नसताना. दारात वाकून उभा राहिला. बाईंनी चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं आपण धरलं. ती चादर फाडून पट्ट्या करायच्या होत्या. कापड फाटायचा आवाज होत राहिला, आणि मध्येच खांब बोलायला लागला.

"मी तिच्याजवळून गेलो, बाई. ती पायरीवर बसली होती. मी म्हटलं, चल. तर म्हणाली, तू हो पुढे, माझी ओवून झाली की आलेच."

बाईंचा हात थांबला.

"हसत होती," खांब म्हणाला. "म्हणजे हसत नव्हती, पण बरी होती. मला वाटलं, येईल. मी पुढे झालो. उचलली असती तर उचलली गेली असती, बाई. वजन ते काय होतं तिचं."

बाईंनी खोलीकडे पाहिलं. छताला लागलेल्या खिडक्या, जाड भिंती, गोल मांडलेल्या खुर्च्या. याच खोलीत त्यांनी मुलांकडून ते घोटून घेतलं होतं. ट्रे आपटायचा आणि म्हणायचं, आधी सुई. गावात गोळा पडला, भिंत थरथरली, तरी म्हणायचं, आधी सुई. या खोलीत ते बरोबरच होतं. या खोलीतून कुणाला कुठेच जायचं नव्हतं, कारण ही खोलीच जमिनीखाली होती. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या पोरीनं हे वाक्य तसंच उचलून घरी नेलं तर काय होईल, हे त्यांच्या मनात आलं नाही. मॅडमच्या मनात आलं नाही. मुलं तर बोलूनचालून मुलं. घरी भोंगा झाला की पळायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं प्रत्येकानं धरून चाललं. आणि ससुली, जिला पळू नकोस म्हणून सगळ्या जगानं सांगितलं होतं, तिनं शहाण्या मुलीसारखं ऐकलं.

"तुझी चूक नाही," बाई खांबाला म्हणाल्या. हे वाक्य त्या दिवसांत सगळे सगळ्यांना म्हणत असत आणि त्याला काही किंमत राहिलेली नव्हती. चूक कुणाची ते सांगितलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता. बाईंच्या तोंडून ते निघालं नाही. खांबानं पट्टीची घडी केली, ती टेबलावर ठेवली आणि जसा आला तसा गेला, सगळं ओझं पाठीवर घेऊन.

बाईंनी नवऱ्याला सांगितलं.  तो म्हणाला की गप्प राहा. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? तिच्या आईला म्हणावं, पोरीला काही कळलंसुद्धा नसेल. तो माणूस वाईट नव्हता. त्याला आपली बायको रोज सकाळी उठून शाळेत जायला हवी होती, आणि हे सगळं बाहेर आलं तर ती उठणार नाही अशी त्याला भीती होती. बाईंनाही तीच होती. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं.  पण जेवण जाईना. मुलींना काजं शिकवताना त्या मध्येच थांबायच्या आणि मुली एकमेकींकडे पाहायच्या.

ससुलीची आई आली ती कामाच्या मधूनच. अंगाला साबणाचा वास, हात पाण्यानं सुरकुतलेले. बाईंनी खुर्ची पुढे केली, ती ससुलीची आहे हे त्यांना आई बसल्यावर कळलं. आईनं रुमालाची पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि सोडली. आत सुई होती. ओवलेली. दोऱ्याच्या शेवटाला गाठसुद्धा मारली होती.

"तिच्या मुठीत होती," आई म्हणाली. "तुमची आहे ना?"

बाईंनी मान डोलावली.

आईनं सांगितलं की ती धुलाईखान्यात बटणंही लावते, तिला सुई ओवणं माहीत आहे. हात थरथरत असला तर काही केल्या ओवता येत नाही. गाठ तर त्याहून नाही. ती रोज ही सुई काढून बघते आणि रोज तिला एकच गोष्ट विचारावीशी वाटते, पण विचारायचं कुणाला?

"शेवटी घाबरली नव्हती ना ती, बाई? एवढंच सांगा."

नवऱ्यानं शिकवलेलं उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. पण समोरच्या बाईनं ते मागितलंच नव्हतं. ती जे मागत होती ते खरं होतं आणि बाईंना देता येत होतं. तेवढंच द्यावं, बाकीचं आपल्यापाशी ठेवावं, असं त्यांना वाटलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "शांत होती. खांबानं पाहिलं तिला. त्याच्याशी बोललीसुद्धा, तू पुढे हो म्हणून."

आईनं डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. ती उठली, बाईंचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि फार उपकार झाले म्हणाली.  आई दारापर्यंत गेली. तिथे थांबली. चौकटीला हात लावून तिनं वळून टेबलावरच्या सुईकडे पाहिलं.

"घाबरली असती तर पळाली असती," ती म्हणाली. "पहिल्यासारखी."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. हिशेब मनात आत्ताच जुळल्यासारखी ती बोलली, आणि उत्तर ऐकायला थांबली नाही. वर खिडकीतून तिचे पाय जाताना दिसले, नेहमीच्या चालीनं, कामावर परत.

बोलायचा तास बंद करायचं बाईंनी ठरवलं. सुया परत घ्यायच्या, खोलीला कुलूप लावायचं, मॅडमना कळवायचं की ही रीत कुठे शिकवली असेल तिथे जाऊन थांबवा. तासाच्या दिवशी त्या उशिराच पोचल्या. मुलं आली होती, खुर्च्या मांडून बसली होती. खांबही होता. बाई उभ्याच राहिल्या. ओठांत टाचण्या नव्हत्या तरी शब्द नीट बाहेर पडेनात. त्यांनी सगळं सांगितलं. ससुली पायरीवर का बसली ते. खोली जमिनीखाली आहे आणि आपण किती मूर्ख आहोत ते. शेवटी म्हणाल्या, "चूक माझी आहे. खांबाची नाही, तिची नाही. सुया द्या इकडे."

 रेडिओनं कॉलरची सुई काढून टेबलावर ठेवली. खांबानं ठेवली, आणखी एकानं ठेवली. कुलूप बसून राहिली.

"देते," कुलूप म्हणाली. त्या मुलीला प्रत्येक वाक्य अजून उचलून आणावं लागत होतं. "पण मग आवाज झाला की काय करायचं ते सांगा. सुई नसली तर मला घराबाहेर पडता येत नाही."

 सुई मुलांकडे राहू दिली तर एखादं पोर पायरीवर बसेल. काढून घेतली तर हे पोर पुन्हा मुकं होईल. मॅडमच्या प्रशिक्षणात याचं काही नव्हतं. पोरं त्यांच्याकडे बघत होती, आणि अशा वेळी मोठ्या माणसाला काहीतरी करावंच लागतं, बरोबर असो की चूक. बाईंनी कात्र्या बाहेर काढून पत्र्याचा ट्रे उचलला आणि म्हणाल्या, "उठा. वर चला."

वरचा मजला बंद होता. हेडमास्तरांना न विचारता बाईंनी जिन्याला आडवी बांधलेली दोरी सोडली आणि मुलांना वर नेलं, अगदी वरच्या वर्गात, जिथे काचांच्या जागी पुठ्ठे लावले होते आणि बाकांवर चुन्याचा थर बसला होता. मुलं कावरीबावरी झाली. इतक्या वर ती कितीतरी दिवसांत आली नव्हती. बाई म्हणाल्या की मी ट्रे वाजवला की पळायचं. थेट शिवणाच्या खोलीत. वाटेत थांबायचं नाही, बसायचं नाही, कुणी बोलवलं तरी वळायचं नाही. सुई खाली पोचल्यावर. आधी जिना.

आणि त्यांनी ट्रे भिंतीवर आपटला. रिकाम्या इमारतीत तो असा घुमला की बाई स्वतःच दचकल्या. मुलं पळाली. कुलूप किंचाळली आणि पळाली. रेडिओ भिंतीला धडकला. कितीतरी महिने घेऊन जी भीती बाईंनी टाक्या-टाक्यानं शिवून टाकली होती ती एका फटक्यात उसवली, आणि ती उसवतेय हे बघत त्या ट्रे वाजवत राहिल्या.

मग त्या खाली निघाल्या. मधल्या वळणावर खांब उभा होता. कठडा धरून, वर बघत. बाकीचे खाली पोचले होते, त्यांचं धापा टाकणं ऐकू येत होतं.

"तुम्ही पुढे व्हा, बाई," तो म्हणाला. "मी सगळ्यांच्या मागून येतो."

"नाही. तू पुढे."

"मागे कुणी राहिलं असेल तर?"

बाई त्याच्या वरच्या पायरीवर थांबल्या. आता त्यांची उंची त्याच्याएवढी झाली होती.

"मागे मी आहे," त्या म्हणाल्या. "तू तेव्हा पळालास ते बरोबर केलंस. ऐकलंस? तू थांबला असतास तर आज मी दोन खुर्च्यांकडे बघत बसले असते."

खांब थरथरायला लागला. एवढा मोठा पोरगा, सगळाच. सुईनं इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. त्यानं कॉलरला हात घातला, तिथे काही नव्हतं. बाईंच्या कॉलरवर सुयांची रांग होती आणि तो त्याच रांगेकडे बघत होता.

"भीती वाटतेय, बाई. एक सुई द्या ना."

बाईंचा हात आपोआप कॉलरकडे गेला आणि तिथून मागे आला.

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "चल."

त्यांनी त्याला ढकललं. खरंच ढकललं, पाठीत हात घालून, आणि तो खाली धावत गेला, पायऱ्या चुकत, हुंदके देत, पण गेला. खाली खोलीत कुलूप मशीनखाली शिरून बसली होती. रेडिओच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि तो काही बोलत नव्हता. उद्या यांच्या आया येतील, बाईंना वाटलं. पोरं पुन्हा दचकायला लागली, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली म्हणून भांडतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. हेडमास्तर खोली काढून घेतील. आणि एवढं करूनही नदीपलीकडच्यांना काही फरक पडणार नव्हता.

त्यांनी टेबलावरच्या सुया एकेक करून मुलांना परत दिल्या आणि इथे ओवा म्हणाल्या. इथेच, जमिनीखाली, दुसरीकडे कुठेही नाही. एक सुई रुमालात उरली, ओवलेली, तिला त्यांनी हात लावला नाही. मग स्वतःची सुई घेतली. जन्मभर न बघता ओवणाऱ्या बाईंना नेढं सापडेना. दोरा डावीकडून गेला, उजवीकडून गेला. मुलं आपापल्या सुया ओवून झाल्यावर त्यांच्याकडे बघत राहिली, आणि बाईंनी अखेर सुई आणि दोरा दोन्ही टेबलावर ठेवून दिलं.

त्यांनी ट्रे उचलला.

"पुन्हा वर," त्या म्हणाल्या.

कुलूप मशीनखालून बाहेर आली. मुलं उठून जिना चढायला लागली. खांब सगळ्यांच्या मागे राहिला नव्हता, तो मध्येच कुठेतरी चढत होता, आणि मागे बाई होत्या.